शनिवारच्या फेऱ्यांतली पोरं

ट्रॉय, मिशिगन
२९ एप्रिल २०२४

ती. आबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आबा म्हणाले, ‘तुमच्या संघानं गुरुवारीच पोरगा घेतला म्हणतोस, मग शनिवारी दिवसभर तिथं काय करत होतास?’ तेव्हा नीट सांगणं झालं नाही, इकडं पोरांचा गलका चालला होता. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायरीवर फुटबॉल बघत आयुष्यभर उन्हातान्हात बसलेल्या माणसाला हे कळणार नाही असं होणारच नाही.

आधी थोडं समजावून सांगतो, म्हणजे आईलाही अंदाज येईल. इथलं फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. एनएफएल ही त्यातली सर्वांत मोठी स्पर्धा, संघ ३२. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं या संघांमध्ये वाटली जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलसारखी बोली लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची पाळी पहिली, आणि जिंकलेल्याची शेवटी. पोराला संघ निवडता येत नाही, संघ पोराला निवडतो. अशा सात फेऱ्या. यंदा मिळून २५७ नावं. पहिली फेरी गुरुवारी रात्री, दुसरी-तिसरी शुक्रवारी आणि चौथीपासून सातवीपर्यंतच्या चार फेऱ्या शनिवारी दुपारी बारापासून. कुणाची पाळी कुणाला द्यायची, पुढच्या वर्षीची आत्ताच मोडून खायची, असे सौदेही मध्येच चालू असतात.

आणि यंदा हा सगळा कारभार आमच्या डेट्रॉईटमध्येच होता, शहराच्या अगदी मध्यात, कँपस मार्शियसच्या चौकात. तिकीट नाही, फोनवर नाव नोंदवलं की आत. तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या वर माणूस आला, आजवरच्या कुठल्याही ड्राफ्टला एवढा आला नव्हता. गुरुवारी एकाच दिवशी पावणेतीन लाख. इथला रॅपर एमिनेम स्टेजवर आला, आमच्या संघाचा जुना नामांकित खेळाडू बॅरी सँडर्स आला, आणि आमच्या लायन्सनी, म्हणजे डेट्रॉईटच्या संघानं, २४व्या नंबरला टेरियन आर्नल्डला घेतल्यावर जो आवाज उठला तो नदीपलीकडं कॅनडात ऐकू गेला असेल. पण पहिल्या फेरीचं काय आहे, की ती नावं महिनाभर टीव्हीवर घोळत असतात. आर्नल्ड कोण हे पानवाल्यालाही सांगता आलं असतं, इथं पानवाला असता तर.

शनिवारची गर्दी वेगळी. ज्यांना सोहळा बघायचा होता ते गुरुवारीच फोटो काढून घरी गेलेले. शनिवारी उरतात ती संघाची माणसं. यंदा पहिल्या फेरीत एका निवडीला दहा मिनिटं होती, शनिवारी पाच, आणि सातव्या फेरीत चारच. नावं भराभरा येतात. टीव्हीवाले त्या वेळात भलतंच काहीतरी बोलत असतात, नाव नुसतं खालच्या पट्टीवर सरकून जातं. पण मैदानात माना वर करून उभ्या असलेल्या लोकांना प्रत्येक नाव हवं असतं. माझ्या शेजारी क्लीव्हलँडहून गाडी चालवत आलेला एक बाप आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी होती. त्यांच्या ब्राउन्सनी मागं एका क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या गड्यासाठी, तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या देऊन टाकल्या, त्यामुळं गुरुवारी त्यांना बघण्यासारखं काहीच नव्हतं. पोरीच्या हातात वहीची पानं, त्यावर पेन्सिलनं लिहिलेली नावं, कॉलेज, उंची, वजन, आणि पुढं तिची स्वतःची टिपणं. एक नाव झालं की ती रेघ मारायची. १५६व्या नंबरला लुईव्हिल कॉलेजचा जमारी थ्रॅश ब्राउन्सकडं गेला तेव्हा तिनं बापाचा दंड असा पकडला की तो कळवळलाच. ‘हा माझ्या यादीत आहे, बाबा, हा माझ्या यादीत आहे!’ तिनं त्याचे सामने बसून पाहिले होते. पाचव्या फेरीतल्या पोराचे!

शिकागोवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या बेअर्सनी चौथ्या फेरीत, १२२व्या नंबरला, टोरी टेलर नावाचा पंटर घेतला. पंटर म्हणजे आक्रमण फसलं की चेंडू लाथेनं लांब उडवून लावणारा गडी. संघ अडकला तरच त्याला काम, आणि अशा गड्यावर चौथ्या फेरीची पाळी घालवणं म्हणजे उधळपट्टी असं बरेच जण मानतात. हा तर मेलबर्नचा, लहानपणापासून ऑस्ट्रेलियन रूल्स खेळलेला, मग आयोवा विद्यापीठात आला आणि तिथं लाथेनं उडवलेल्या एकूण यार्डांचा एका हंगामाचा कॉलेजमधला विक्रमच मोडला. एरवी लोकांनी कपाळाला हात लावला असता. पण शिकागोची माणसं नाचत होती! पहिल्याच नंबरला केलेब विल्यम्स मिळालेला, त्यामुळं सगळी खुशीत. आबा, खरं सांगू, लाथेनं चेंडू मारणाऱ्यासाठी एवढा जल्लोष इथं पाहिला आणि मला तुमची फार आठवण झाली.

आता आमचं ऐका. १२६व्या नंबरला नाव आलं, जोव्हानी मानू, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया. सगळीकडं एकदम शांतता. कुठली युनिव्हर्सिटी? कॅनडातली, व्हँकुव्हरची. कॅनडात हा खेळ वेगळ्या नियमांनी खेळतात, एका बाजूला बारा गडी, मैदानही मोठं. पोरगा जन्मला टोंगा बेटांवर, लहानपणी कॅनडात आला. उंची सहा फूट सात इंच, वजन साडेतीनशे पौंडांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं दीडशे किलोच्याही वर. दोन मिनिटांत आजूबाजूचे सगळे फोन बाहेर. कुणीतरी त्याचा कॉलेजातला व्हिडिओ शोधला आणि आम्ही दहा-बारा जण त्या एका फोनभोवती डोकी घालून उभे. त्यात तो समोरच्याला दोन्ही हातांनी धरतो आणि मागं मागं ढकलत पार रेषेबाहेर नेऊन ठेवतो. एक म्हातारी बाई, बॅरी सँडर्सची वीस नंबरची जुनी जर्सी घातलेली, ‘अगं बाई!’ म्हणावं तशी काहीतरी उद्गारली.

मग भांडण लागलं. कारण या पोरासाठी लायन्सनी पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची पाळी न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकली होती. माझ्या मागचा एक जण तावातावानं म्हणत होता, कॅनडातल्या कच्च्या पोरासाठी तिसरी फेरी? हा दोन वर्षं तरी मैदानात दिसायचा नाही! दुसरा त्याला एकच म्हणत होता, ब्रॅड होम्सवर भरवसा ठेव. होम्स आमचा जनरल मॅनेजर, पोरं निवडणारा. मी दुसऱ्याच्या बाजूचा, आणि का ते सांगतो.

२०२१ मध्ये होम्सनी चौथ्या फेरीत ११२व्या नंबरला अमॉन-रा सेंट ब्राउन घेतला. त्याच्या आधी सोळा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे गडी, गेले होते, हा सतरावा. त्या सोळा जणांची नावं आणि त्यांना घेणारे संघ त्यानं पाठ करून ठेवलेत, विचाराल तेव्हा क्रमानं म्हणून दाखवतो. त्याचा बाप शरीरसौष्ठवातला मोठा माणूस, दोनदा मिस्टर युनिव्हर्स. लहानपणी त्यानं लावलेली शिस्त म्हणजे सराव संपल्यावर यंत्रातून सुटणारे २०२ चेंडू झेलायचे, आणि पोरगा ते आजही करतो. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, गेल्या बुधवारी, याच पोरानं लायन्सबरोबर चार वर्षांचा करार केला, बारा कोटी डॉलरच्या वरचा. २०२२ मध्ये सहाव्या फेरीत आलेला माल्कम रॉड्रिग्ज पहिल्याच वर्षी संघात उतरला. त्याच फेरीतल्या जेम्स ह्यूस्टननं पहिल्या हंगामात सात सामन्यांत आठ वेळा समोरच्या क्वार्टरबॅकला लोळवलं. असं बघितलेला माणूस शनिवारी घरी कसा बसेल?

हा संघ किती हरलाय ते तुम्हांला माहीत नाही, आबा. शेवटचं विजेतेपद १९५७चं. सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, एकदाही पाऊल नाही. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले. इथं कारखान्यात माझ्याबरोबर काम करणारी माणसं आहेत, त्यांचे बाप लायन्सची वाट बघत बघत गेले. या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या रॅम्सना २४-२३ असं हरवलं, तेव्हा बाद फेरीतला सामना बत्तीस वर्षांनी जिंकला. लोक रस्त्यावर उतरून रडत होते. आणि दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ असे पुढं असताना ३४-३१ हरलो. आमच्या बचावपटूच्या शिरस्त्राणावर आपटून उडालेला चेंडू त्यांच्या गड्याच्या हातात पडला, तो क्षण मी अजून पाहू शकत नाही. तो चेंडू फेकणारा कोण? ब्रॉक पर्डी. २०२२च्या ड्राफ्टमधला २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा पोरगा! शेवटच्या नंबरच्या पोराला इथं ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, बिनकामाचा गडी. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला त्याच्यासाठी समारंभ करतात, हातातून चेंडू निसटणाऱ्या खेळाडूचा चषक देतात. त्या बिनकामाच्या गड्यानं आम्हांला घरी पाठवलं. उशिराच्या फेरीतलं पोरगं काय करू शकतं हे डेट्रॉईटएवढं कुणी सोसलेलं नाही आणि कुणी उपभोगलेलंही नाही.

त्यामुळं मानूच्या मागोमाग १३२व्या नंबरला सियोने वाकी आला, तेव्हा लोक सावरले होते. हा यूटा विद्यापीठात बचावात खेळायचा, तिथं गडी जायबंदी झाले म्हणून त्याला चेंडू घेऊन पळायलाही लावलं, आणि लायन्सनी त्याला पळण्यासाठीच घेतला. १८९वर मेखी विंगो, एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा. त्या विद्यापीठात अठरा नंबरची जर्सी स्वतःआधी संघ बघणाऱ्या पोराला देतात, ती याच्या अंगावर होती. आणि २१०वर, सहाव्या फेरीत, बोस्टन कॉलेजचा ख्रिश्चन महोगनी. सर्वांत मोठा ओरडा याला झाला. जाणकार त्याला कितीतरी वरच्या फेरीत धरत होते, २०२२चा अख्खा हंगाम गुडघ्यामुळं गेलेला, आणि नाव काही येईना. प्रत्येक पाळीला लोक म्हणत होते, अजून आहे, अजून आहे. आला तेव्हा मघाचे ते भांडणारे दोघंही एकमेकांच्या गळ्यात पडले.

संध्याकाळी घरी आलो तर टीव्हीवर प्रत्येक संघाला गुण वाटणं चालू होतं, कुणाला अ, कुणाला क. मला या प्रकाराचा संताप येतो. पोरांनी अजून मैदानात पाऊल ठेवलेलं नाही आणि यांचा निकाल लागला. इथून जवळच ॲन आर्बरच्या कॉलेजातून निघालेला टॉम ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत १९९वा गेला होता, पुढं त्यानं सात सुपर बोल जिंकले. त्याहून वाईट वाटतं ते नाव पुकारल्यावर हुर्यो करणाऱ्यांचं. बावीस वर्षांचं पोरगं कुठंतरी घरी आईबापाच्या मध्ये बसून फोनची वाट बघत असतं. गुरुवारच्या पोरांच्या घरात कॅमेरे असतात, यांच्या घरात कुणी नसतं. त्यांच्यासाठी ओरडायला आम्हीच. शनिवारच्या गर्दीत हुर्यो मला ऐकू आली नाही. राग निघाला तो मॅनेजरवर, पोरावर नाही. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या नव्या गड्यानं चेंडू घालवला तर तुम्ही शिव्या कोचला घालायचा आणि गड्याला ‘उठ रं वाघा’ म्हणायचा, तसंच. २५७वा, शेवटचा जेलन की, जेट्सकडं गेला, तेव्हा कुठल्या कुठल्या संघांच्या जर्सी घातलेली उरलीसुरली माणसं एकत्र टाळ्या वाजवत होती.

आता पुढचं असं, की उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडं नव्वद गडी असतील, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी ते ५३वर आणतात. आमच्या चौघांतले किती राहतील ते तेव्हा कळेल. मानूला वेळ लागेल असं मला वाटतं, पण महोगनी टिकणार. थोरल्यानं आत्ताच त्याच्या नावाची जर्सी मागितलीय. दुकानात सहाव्या फेरीतल्या पोराची जर्सी टांगलेली नसते, नाव छापून घ्यावं लागतं, आणि अजून त्याला नंबरच मिळालेला नाही. नंबर ठरला की छापून घेणार आहे. जुलैअखेर ॲलन पार्कला सराव शिबिर असतं, तिकडं पोरांना घेऊन जायचा बेत आहे.

आई, तुझी मेतकुटाची पुडी मिळाली. आबा, सात तारखेला मतदानाला सकाळी लवकर जा, ऊन फार आहे म्हणतात. आणि पाटाकडील-दिलबहारचा पुढचा सामना झाला की निकाल लगेच कळवा, नुसता निकाल नको, कोण कसं खेळलं तेही.

तुमचा,
बाळू