ओव्हरड्राफ्टचं खातं गोठलं तेव्हा पाठीशी उभ्या राहिलेल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायला घरी आले तेव्हा तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, तो शब्द पाळते. पण तुम्ही केलंत काय, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यापासून पेडण्यापर्यंत यूपीआयवर अनोळखी गिऱ्हाइकांचे पैसे घेणारे कितीतरी छोटे धंदेवाले आहेत, त्यांनाही ते कळायला हवं.

आमचा धंदा काजूचा. बिया मार्च ते मे या दिवसांत येतात आणि शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात. तोच माल भाजून, सोलून, प्रतवारी लावून चवथीला, दिवाळीला आणि पुढे पर्यटकांच्या हंगामात थोडा थोडा विकायचा. तोवर सगळी भिस्त घर तारण ठेवून घेतलेल्या ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलता येणाऱ्या कर्जखात्यावर. एप्रिलमध्ये ती मर्यादा जवळजवळ संपत आलेली असते, आणि नेमकं तेव्हाच खातं बंद पडलं.

एका गिऱ्हाइकाने फोनवर ऑर्डर देऊन 18,400 रुपये पाठवले होते, आम्ही माल रवाना केला होता. ते पैसे परराज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले. फसलेल्या त्या बिचाऱ्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, ती बरोबरच केली. पैशांचा माग एका खात्यातून दुसऱ्यात असा निघत निघत माझ्यापर्यंत आला. तिथल्या पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने वादातली रक्कम तेवढी न अडवता अख्ख्या खात्याला टाळं लावलं. शाखेत विचारलं की एकच उत्तर, "वरून आलंय." दारात बियांची पोती घेऊन माणसं उभी, शनिवारी सोलणाऱ्या बायकांची मजुरी द्यायची, आणि घरी-दारी जो तो विचारत होता, "तू केलंस तरी काय?"

तुम्ही हा प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, "कर्जाचं मंजुरीपत्र कुठे आहे?" त्या क्षणी मला किती धीर आला ते शब्दांत सांगता येणार नाही. चोरासारखं वाटत होतं, ते तिथे थांबलं.

मंजुरीपत्र आणि खातेउतारा घेऊन तुम्ही संध्याकाळभर बसलात. माझं सगळं लक्ष अडकलेल्या पैशांवर होतं, तुमचं लक्ष कर्जावर गेलं. सगळे सांगत होते, दुसरीकडे खातं उघड, विक्रीचे पैसे तिकडे वळव, या खात्याकडे बघूसुद्धा नको. तुम्ही म्हणालात, असं केलंस तर खरं संकट तेव्हा सुरू होईल. ओव्हरड्राफ्टचं खातं गोठलं म्हणून व्याज गोठत नाही, ते रोजच्या शिलकीवर चालूच राहतं आणि महिनाअखेर खात्यात नावे पडतं. अशा खात्यात सलग 90 दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जे जमा झालं त्यात तेवढ्या काळाचं व्याजही भागलं नाही, तर ते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरतं. मग पोलिसांचं प्रकरण मिटलं तरी एनपीएचा शिक्का आणि बिघडलेला सिबिल मागे राहतो. घर तारण असलेल्या बाईला याचा अर्थ काय, ते तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून तुम्ही आधी बँकेकडून खात्री करून घ्यायला लावलीत की बंदी फक्त पैसे काढण्यावर आहे, भरणा चालू आहे. मग रोखीच्या विक्रीतून मजुरी द्यायची आणि व्याज भागेल एवढी रक्कम दर महिन्याला खात्यात टाकायची, असं ठरलं. काढता न येणाऱ्या खात्यात पैसे भरताना जिवावर यायचं, पण आज त्या खात्यावर एकही डाग नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवलीत. "बाय, पयलीं बरोवन घे," म्हणजे आधी लिहून घे, एवढंच म्हणालात आणि अर्जाचा मजकूर सांगायला लागलात. कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पोलीस ठाण्याकडून, किती रकमेसाठी? तीनच प्रश्न, खाली शाखेची पोच आणि तारीख. तोंडी विचारून जे महिनाभर कळलं नव्हतं, ते लेखी उत्तरात आलं. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल गेला. सोबत बिल, वाहतुकीची पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं चॅट, खातेउतारा. विनंती एवढीच की बंदी 18,400 रुपयांपुरती ठेवावी, बाकी खातं मोकळं करावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 106, म्हणजे 1 जुलै 2024 आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102, यात पोलिसांनी अशा जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची असते. ती दिली आहे का, हेही तुम्ही त्यात नम्रपणे विचारायला लावलंत. माझ्या मते त्या एका वाक्याने कागद हलला.

बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, 14448 वर माहिती मिळते, हे तुम्ही कॅलेंडरवर तारखेसकट लिहून ठेवलंत. तिथवर जायची वेळ आली नाही.

आणि तो दंड! महिनाअखेरचं व्याज पडून मर्यादा थोडीशी ओलांडली गेली, त्यावर बँकेने दंड लावला आणि पुढच्या महिन्यात त्या दंडावरही व्याज लावलं. माझ्या नजरेतून ते निसटलंच असतं. तुम्ही उताऱ्यावर बोट ठेवलंत आणि रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट 2023 चं परिपत्रक सांगितलंत, की दंडात्मक शुल्कावर व्याज आकारता येत नाही. रक्कम लहान होती, तरी तुम्ही ती सोडली नाहीत, आणि बँकेने ती परत केली.

खातं आता मोकळं आहे. 18,400 अजून अडकलेले आहेत. त्यासाठी तुम्ही म्हणालात तसा वकिलाकरवी कोर्टात अर्ज करणार आहोत. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. फक्त सगळे कागद फाइलला लावून ठेव आणि कुणी मागितली तर दे, एवढंच सांगितलंत. पेडण्याचे एक होमस्टेवाले ती फाइल नेऊन त्यावरून आपला अर्ज लिहून गेले. त्यांचंही खातं असंच अडकलं होतं.

ओव्हरड्राफ्टच्या नूतनीकरणाचे कागद आले की घेऊन येते. सही करण्याआधी अख्खं मंजुरीपत्र तुमच्यासमोर मोठ्याने वाचायचं, ही तुमची अट माझ्या लक्षात आहे.

आपली,
सत्तरीतली काजूवाली