मान उचलेपर्यंत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पुढच्या आठवड्यापासून जनावरांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भुलीची बाजू तुझ्याकडे येणार आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलाय, असं लिहिलं आहेस. आला ते बरं झालं. पहिल्या दिवशी ज्याला धाकधूक वाटत नाही त्याच्या हाती मी माझं मांजर देणार नाही. पण तुझे प्रश्न सगळे औषधांचे आहेत: प्रोपोफॉल किती, केटामाइन कधी, आयसोफ्लुरेन किती टक्क्यांवर ठेवायचं. डोस डॉक्टर ठरवतील, तू तो पुन्हा मोजून घेशील. ते हळूहळू अंगवळणी पडतं. मला सांगायचंय ते जनावराजवळ थांबण्याबद्दल.

आधी भुलीच्या मशीनची एक गोष्ट, जी मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

मी शिकत होते तेव्हाची. सकाळी लीक टेस्ट केली, म्हणजे मशीनमधून कुठे गळती नाही ना ते पाहिलं. पद्धत तुला ठाऊक आहे: जास्तीची हवा बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करायचा, जनावराकडच्या टोकाच्या वाय-पीसच्या तोंडावर अंगठा, ऑक्सिजन सोडून दाब ३० सेंटिमीटर पाण्यापर्यंत न्यायचा आणि काटा १० सेकंद जागचा हलत नाही ना ते बघायचं. काटा हलला नाही. मी अंगठा काढला, दाब उतरला, आणि व्हॉल्व्ह बंदच राहिला. तासाभराने एक कुत्री टेबलावर आली. श्वासनळीत नळी घातली, तिला मशीनच्या नळ्यांचं सर्किट जोडलं, मी तक्त्यावर वेळ लिहायला खाली वाकले. वर पाहिलं तर श्वासाची बॅग फुगून टणक झालेली, रबर ताणून चकाकत होतं, आणि कुत्रीची छाती वर येऊन तिथेच थांबलेली. श्वास बाहेर टाकायला वाटच नव्हती. शेजारच्या अनुभवी ताईंनी एका झटक्यात नळीपासून सर्किट वेगळं केलं. हवा सुटल्याचा तो आवाज अजून कानात आहे. कुत्री वाचली. आणखी थोडा वेळ तसाच गेला असता तर छातीतल्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त अडलं असतं, फुप्फुस फाटलं असतं.

त्या दिवसापासून टेस्ट झाली की मी दाब अंगठा काढून उतरवत नाही, व्हॉल्व्ह उघडून उतरवते. म्हणजे व्हॉल्व्ह चालतो हेही कळतं आणि तो उघडा आहे हेही. मध्येच हाताने श्वास द्यावा लागला तर बंद कर, बॅग दाब, काटा २० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नकोस, लगेच उघड, आणि ‘उघडला’ असं तोंडाने मोठ्याने म्हण. सगळी ओटी ऐकू दे.

मशीनचं बाकी थोडक्यात. ऑक्सिजनचा छोटा ई-सिलिंडर भरलेला असताना सुमारे २००० पीएसआय दाब दाखवतो आणि त्यात साधारण ६६० लिटर असतो. काटा निम्म्यावर आला की ऑक्सिजनही निम्मा, सरळ हिशोब. सोडा लाइमचा, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा, रंग मात्र फसवतो. वापरून संपलेले दाणे जांभळे पडतात खरे, पण रात्रभर मशीन बंद राहिलं की सकाळी पुन्हा पांढरे दिसतात. म्हणून रंग केस संपल्या संपल्या बघायचा आणि डब्यावर भरल्याची तारीख लिहायची.

आता डोळा. मला विचारशील तर भुलीचं निम्मं शिक्षण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात आहे. शस्त्रक्रियेला योग्य अशा खोलीवर बुबुळ खाली, नाकाच्या बाजूला वळतं आणि वर पांढरा भाग दिसतो. भूल हलकी असेल तर बुबुळ मधोमध असतं आणि पापणीच्या कोपऱ्याला बोट लावलं की पापणी मिटते. भूल फार खोल गेली तरी बुबुळ पुन्हा मधोमधच येतं, पण आता पापणी हलत नाही, बाहुली मोठी झालेली असते आणि जबडा उघडून पाहिला तर काहीच विरोध लागत नाही. एकच चिन्ह, दोन उलट अर्थ. नुसता डोळा पाहून, भूल हलकी समजून व्हेपोरायझर (भुलीचा वायू किती जावा ते ठरवणारा भाग) वाढवलास तर खोल गेलेल्या जनावराला आणखी खोल ढकलशील. पापणी, जबडा, नाडी, श्वास हे सगळं एकदम जुळवून बघ. केटामाइन दिलं असेल तर हा हिशोब चालत नाही. डोळा उघडा आणि मधोमधच राहतो, म्हणून बुबुळ कोरडं पडू नये यासाठी आठवणीने मलम घाल.

एक हात कायम मांडीच्या आतल्या बाजूच्या नाडीवर ठेव. कपड्याखालून बोटं सरकवून ती शोधायला सुरुवातीला वेळ लागतो, नंतर बोटं आपणहून तिथे जातात. पल्स ऑक्सिमीटर लावच, पण त्याच्या ९८ वर निर्धास्त राहू नकोस. शुद्ध ऑक्सिजनवर असलेलं जनावर श्वास पुरेसा घेत नसलं तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो, आणि तो ९० वर येईपर्यंत रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला असतो. श्वासाची तक्रार कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, आधी सांगतो. तो आकडा ३५ ते ४५ मध्ये ठेवायचा. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली रेंगाळला की मूत्रपिंडांचे हाल होतात, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांना सांग. दर पाच मिनिटांनी नोंद कर. समजा नाडी ११०, १०४, ९६, ८८. यातला एकेक आकडा ठीक आहे, पण ओळ उतरते आहे, आणि ती कागदावर लिहिली तरच दिसते.

मांजरीला नळी घालताना घाई नको. घसा बधिर करायला लिग्नोकेनचा थेंब लाव, थोडं थांब, स्वरतंतू उघडले की नळी सरकव. बंद असताना रेटलीस तर ते आणखी आवळतात. नळीभोवतीच्या फुग्यात, म्हणजे कफमध्ये, गळती थांबण्यापुरतीच हवा भर. कूस बदलताना आधी सर्किट सोडव, मग वळव. नळी आत पिळली गेली तर श्वासनळी फाटते.

निर्जंतुकीकरणाचं तुम्हाला वर्गात भरपूर शिकवतात, म्हणून दोनच गोष्टी. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, पाकिटावरच्या टेपवर रेघा उमटल्या म्हणजे पाकीट तापलं एवढंच कळतं. वाफ आतपर्यंत पोचली की नाही ते आत ठेवलेली पट्टी सांगते. आणि पोट बंद करायच्या आधी स्वॅब, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, मोज. एक कमी भरला तर बोल, डॉक्टर कितीही घाईत असोत.

ऊब मात्र विसरू नकोस. केस काढलेलं ओलं पोट, त्यावर स्पिरिट, उघडी आतडी, थंड टेबल. लहान जनावर पहिल्या तासातच गार पडतं. आणि गार पडलेलं जनावर औषध सावकाश पचवतं, उशिरा उठतं. पंजे गुंडाळ, खाली-वर पांघरूण दे. गरम पाण्याची बाटली कातडीला टेकवू नकोस, भुलीतल्या जनावराला चटका बसला तरी अंग बाजूला घेता येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या आणि ७९ हजार मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. भुलीमुळे दगावणाऱ्यांचं प्रमाण कुत्र्यांत साधारण ६०० मागे एक आणि मांजरांत ४२० मागे एक निघालं. त्यातल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचा आणि सुमारे ६० टक्के मांजरांचा मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर झाला होता, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन तासांत. टाके पडलेले, दिवे मालवलेले, ग्लोव्हज काढलेले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला त्या वेळी. त्याच नोंदींमध्ये हेही दिसलं की ज्या मांजरांची नाडी आणि पल्स ऑक्सिमीटर बघितला जात होता, त्यांचा धोका कमी होता.

म्हणून शेवटचा टाका पडला की तुझं काम चालू आहे असं समज. व्हेपोरायझर बंद करून काही मिनिटं ऑक्सिजन चालू ठेव. कफमधली हवा काढून मग नळी काढ. कुत्रा गिळायला लागल्यावर, मांजर कान हलवायला लागलं की लगेच, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याची नळी तो सहन करेल तितका वेळ राहू दे, छातीवर झोपवून, मान पुढे ताणून. मग त्याच्यापाशी जमिनीवर बस. हिरडी दाबून पाहा, दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. जिभेचा रंग बघ. शरीराचं तापमान दर थोड्या वेळाने घे. कुणी पुढच्या केसची ट्रे लावायला बोलावलं तर सांग, येतो, हे उठल्यावर.

पहिला दिवस झाला की लिही. किती वेळ लागला, टाके कुणी घातले, ते नंतर. जनावराने मान किती वाजता उचलली ते आधी लिही.

तुझी मैत्रीण