जाकिटातला चाकू

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला तोडून बोलले आणि फोन ठेवून दिला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा म्हणाले, पत्र लिही, लिहिताना तुझा आवाज चढत नाही. म्हणून बसलेय. चाकूचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

इकडे पाऊस धरून आहे. कोय कलमांची घाई चाललीय. काल मी आणि मधल्या काकूने मिळून दोनशे बांधली. कोयीतून उगवलेल्या आंब्याच्या रोपांची पानं तांबूस आहेत तोवर उरकायला हवं. एकदा हिरवी झाली की कलमं तशी धरत नाहीत. आप्पांचा चाकू माझ्याच हातात असतो. लहानपणी विचारायचीस ना, याला एकाच अंगाने धार का? आप्पांनी तो निसण्यावर घासून मुद्दाम तसा केला होता. दोन्हीकडून धार असली की पातं मध्येच वळतं, रोपावर बांधायच्या काडीचा काप खोलगट येतो, आत फट राहते आणि काडी सुकते. नऊ वर्षांची होतीस तेव्हा तू पहिली काडी तासलीस. आप्पा चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हिचा हात कलमाचा आहे.

त्याच महिन्यात बोट कापलंस. कैरी चिरत होतीस, पातं कैरीत रुतलं, तू उलटं दाबलंस आणि चाकू बोटावर मिटला. त्याला कुठला लॉक? पाठीच्या पट्टीच्या जोरावरच पातं उभं राहतं. मी पडवीत असून माझं लक्ष नव्हतं. तो व्रण माझ्यामुळे आहे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून परवा तू म्हणालीस की लॉकचा घेतला, तो बोटावर मिटत नाही, तेव्हा आधी बरंच वाटलं. पण पुढे म्हणालीस, लायब्ररीतून रात्री एकटी येताना खिशात असला की धीर येतो.

चिऊ, तिकडचा, इंग्लंडचा कायदा मी दादाकडून नीट समजून घेतला. घडीचा, लॉक न होणारा आणि धार तीन इंचांपर्यंतची, एवढाच चाकू काही कारण नसताना खिशात चालतो. लॉकचा असला की पातं कितीही छोटं असो, सबळ कारण लागतं. डोंगरात तंबू ठोकायला गेलात, ते कारण झालं. सोमवारी तोच जाकिटात घालून बसने कॉलेजला जाणं हे कारण नव्हे. आणि स्वतःच्या रक्षणासाठी बाळगला, हे तर सांगूच नये, ते सबळ कारण धरत नाहीत. चार वर्षांपर्यंत कैद आहे. परक्या देशात, व्हिसावर असलेली मुलगी. पोलिसाला काय ठाऊक तू आंब्याची कलमं बांधणाऱ्यांच्या घरातली? आपल्याकडेसुद्धा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे रामपुरीच येतो.

काढलाच विषय. रागावू नकोस. तू एम.एस्सी. करतेस, तुला कळत नाही असं मला म्हणायचं नाही.

तू पाठवतेस ते फोटो मी नर्सरीत सगळ्यांना दाखवते. आप्पांच्या चाकूच्या बुंध्याशी जो तारा आणि क्रूस आहे, ती शेफील्डच्या रॉजर्स या चाकूवाल्या कंपनीची खूण, हे तू शोधून काढलंस तेव्हा बाबांचा गळा दाटून आला होता. आप्पा त्याला नुसता ‘विलायती’ म्हणायचे. त्याच रॉजर्सने 1822 साली 1822 पात्यांचा एकच चाकू केला आणि पुढे त्यात पाती वाढवत नेली, हे मी काकूला सांगितलं तर तिला पटेचना. भाड्याच्या खोलीत आपल्या हिमतीवर चाकू घडवणारे तिथले ते जुने कारागीर, आणि अंगाला कागद गुंडाळून, डोक्याला फडकं बांधून चमचे-काट्यांना झिलई देणाऱ्या त्या बाया. त्यांचं तू सांगितलंस तेव्हा मला आमच्याच बाया आठवल्या, इरली पांघरून वाफ्यात बसलेल्या. रविवारच्या बाजारात जुनं पातं नखाने उघडून, मिटताना येणारा ‘टक्’ ऐकून पारखतेस म्हणालीस. आप्पा असेच कानाशी धरायचे.

तेव्हा जुने चाकू खुशाल जमव. सात झालेत, सत्तर कर. साधी पोलादी पाती कैरी-लिंबाने काळी पडतात, ती घासून पांढरी करू नकोस, त्या काळिमेने गंज जरा लांब राहतो. कोरडी पुसून खोबरेलाचा थेंब. सांध्यातही एक थेंब. कुणाला दाखवताना हातात देऊ नकोस, टेबलावर ठेव, त्याचा तो उचलेल. हे तुला आजीने शिकवलंय.

रात्रीचं काय करायचं ते मात्र सांग. बरोबर कुणी येतं का? खोली लायब्ररीच्या जवळ बघता येईल का? भाडं जास्त पडलं तर पडू दे, यंदा कलमांची मागणी बरी आहे. भीती वाटते हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस, आणि सांगितलंस तेव्हा मी चाकूवरून भांडले. चुकलंच माझं. पुढच्या वेळी भीतीचंच सांग. मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

खोकला गेला का? दादाची छोटी आता उभी राहते.

जाकिटातून काढून ठेवलास का, तेवढं आधी कळव.

तुझी,
आई