पासपोर्ट बघून समीक्षा?

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत सिनेदिग्दर्शिका दीपा मेहतांवरचा लेख वाचला, पण 'कॅनडात बसून भारताची बदनामी' हे रडगाणं अजून किती वर्षं गाणार? 2000 साली वाराणसीत विधवांवरच्या त्यांच्या 'वॉटर' सिनेमाचा सेट तोडला, शूटिंग बंद पाडलं, मग बाईंनी श्रीलंकेत जाऊन गुपचूप पिक्चर पूर्ण केला, तिथली छोटी पोरगी हिंदीचा गंध नसताना डायलॉग घोकून बोलली, आणि ऑस्करचं नामांकन मिळालं ते कॅनडाकडून! सगळंच भारी असं नाही, त्यांचा 'मिडनाइट्स चिल्ड्रन' मला तरी लांबलाच. पण विधवांचं केशवपन आपल्याकडे नव्हतं का, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत विचारून बघा. 'वॉटर'मधली लिसा रे विधवा म्हणून जरा जास्तच ग्लॅमरस दिसते, त्यावर लिहा ना!

- एक वाचक, नाशिक रोड