नरक्या या झाडापासून सुरुवात करायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते इतर कॉलेजांतल्या शिक्षकांच्या आणि मुलामुलींच्याही कामाचं आहे, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, ती तुमचीच अट.

सिंधुदुर्गातल्या आमच्या फार्मसी कॉलेजाला औषधी वनस्पतींची कमतरता नाही. कमतरता उपकरणांची आणि पैशांची. एखाद्या सालीतून एक रेणू शुद्ध करून घ्यायचा तर महिने जातात, आणि तो कशावर चालेल याचा अंदाजही नसताना तेवढा खर्च कोण मंजूर करणार? म्हणून कोणता रेणू कोणत्या प्रथिनात बसतो ते आधी कॉम्प्युटरवर पाहू (यालाच डॉकिंग म्हणतात), असं आमच्या एम.फार्म.च्या मुलींनी ठरवलं. लागणारं सगळं फुकट मिळत होतं. प्रोटीन डेटा बँक या खुल्या संग्रहातल्या प्रथिनांच्या त्रिमितीय रचना होत्या, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत तयार झालेलं ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर होतं, आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने उभा केलेला इम्पॅट हा संग्रह होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ वनस्पतिजन्य रसायनं आहेत. एवढं सगळं समोर असताना कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. ते काम तुम्ही केलंत, तेही स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत फोनवर बसून.

तुमचं पहिलं वाक्य माझ्या वहीत आहे: "नवं शोधायच्या आधी, जे सापडलेलं आहे ते तुमच्या पद्धतीला सापडतं का ते बघा." आणि त्यासाठी तुम्ही आमच्याच रानातलं झाड निवडलंत, नरक्या. त्यात कॅम्पटोथेसिन असतं, ज्याच्यापासून पुढे कर्करोगाची औषधं झाली. हा रेणू १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषधही याच जोडीने शोधलं. वनस्पतींतली कर्करोगाची औषधं वर्षानुवर्षं शिकणाऱ्या आमच्या मुलींना वाणींचं नाव तुमच्याकडून कळलं, आणि त्या दिवशी वर्गात जो उत्साह आला तो मी विसरणार नाही. पुढे नरक्यातही हाच रेणू सापडला आणि त्याच्या मागणीपायी सह्याद्रीत या झाडाची बेसुमार तोड झाली, हेही तुम्ही सांगायला विसरला नाहीत.

डॉकिंग शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत पहिली पायरी ठरलेली असते: रचनेतून प्रथिन सोडून बाकी सगळं काढून टाका. तुम्ही प्रोटीन डेटा बँकेतली '१के४टी' ही रचना उघडायला लावलीत, जिच्यात टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम, डीएनए आणि औषध एकत्र आहेत, आणि विचारलंत, यातला डीएनए काढलात तर औषध बसणार कुठे? हे एन्झाइम डीएनएचा पीळ सैल करायला त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत शिरतं. त्याला काही अंशी डीएनए धरून ठेवतो, काही अंशी एन्झाइम, आणि जोडायचं काम अडून राहतं. एकट्या एन्झाइममध्ये त्याची ही जागाच नसते. मुलींनी दोन्ही प्रकारे करून पाहिलं. डीएनए ठेवला तेव्हा टोपोटेकान हे त्याच घराण्यातलं औषध क्रिस्टलमधल्या, म्हणजे प्रयोगाने दिसलेल्या, मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या (साधारण एक-दोन अणूंच्या अंतराच्या) आत येऊन बसलं. डीएनए काढला तेव्हा ते भलत्याच खाचेत गेलं, आणि स्कोअर, म्हणजे रेणू किती घट्ट बसेल याचा व्हिनाने दिलेला आकडा, तिथेही चांगलाच दिसत होता. स्कोअर स्वतःहून धोक्याची सूचना देत नाही हे मुलींना तिथे डोळ्यांनी दिसलं. मी कितीही फळा भरून शिकवलं असतं तरी ते इतकं पोचलं नसतं.

रेणूची फाइलही तुम्ही तपासून घेतलीत. कॅम्पटोथेसिनमधलं लॅक्टोन नावाचं अणूंचं कडं बंद असेल तरच ते नीट काम करतं, आणि रक्तात ते कडं उघडत जातं. कडं उघडलेला सोडियम क्षार १९७०च्या सुमारास रुग्णांवर वापरून पाहिला गेला, पण विषारी परिणामांमुळे त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच रेणूत बदल करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ साल उजाडलं. व्हिनाला हा इतिहास ठाऊक नसतो. आपण जे काढून देऊ तेच ते बसवून दाखवतं.

मग मुलींनी स्वतः डॉकिंग करून केलेली रेणूंची यादी आली. टॅनिन आणि सॅपोनिनसारखे मोठमोठे रेणू सगळ्यात वर. रेणू जितका मोठा तितक्या जागी तो प्रथिनाला चिकटतो, म्हणून स्कोअर फुगतो, हे तुम्ही समजावलंत. व्हिनाच्या अंदाजात दोन-तीन किलोकॅलरींची चूक सहज असू शकते, तेव्हा उणे ८.९ आणि उणे ९.२ अशा स्कोअरांत (जितका जास्त उणे तितका चांगला) पहिला-दुसरा नंबर लावू नका, हेही. हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल तुम्ही फार ठामपणे बोललात. ते अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं, शरीरात फारसं शोषलं जात नाही आणि टिकतही नाही, आणि २०१७ साली औषधरसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला तेव्हा एकही डबल ब्लाइंड चाचणी (कोणाला खरं औषध मिळतंय हे रुग्णालाही डॉक्टरलाही ठाऊक नसतं अशी) यशस्वी झालेली नव्हती. हळदीबद्दल असं बोलायला धाडस लागतं. ते धाडस मुलींनी तुमच्यात पाहिलं याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं.

अल्फा-ग्लुकोसिडेज हे पिष्टाची साखर करणारं, मधुमेहाच्या औषधांचं लक्ष्य असलेलं एन्झाइम घ्यायलाही तुम्हीच सुचवलंत, कारण त्याची चाचणी आमच्या साध्या प्रयोगशाळेत होते. एन्झाइम चालू असेल तर द्रावण पिवळं होतं, अडलं तर रंग कमी येतो. पण चाचणी यीस्टच्या एन्झाइमवर आणि मॉडेल माणसाच्या, असं चालणार नाही म्हणून तुम्ही सगळं डॉकिंग पुन्हा करायला लावलंत. यादीतल्या बहुतेक रेणूंनी काहीच दाखवलं नाही, दोन-तीनांनी थोडाफार परिणाम दाखवला. 'परिणाम नाही' हे शब्दही प्रबंधाच्या मुख्य तक्त्यात आले पाहिजेत, असा तुमचा आग्रह होता. आले आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच तक्त्यावर विचारले, आणि मुलींनी न अडखळता उत्तरं दिली.

ताई, तुम्ही मानधन घेतलं नाहीत, प्रबंधावर नावही घालू दिलं नाहीत. म्हणून हे उघड पत्र. मनापासून आभार.

पुढची तुकडी जुलैत येते आहे. त्यांचा पहिला प्रश्न मला आत्ताच माहीत आहे: रचनेतले पाण्याचे कोणते रेणू ठेवायचे आणि कोणते काढायचे? यावर तुम्ही एक पूर्ण संध्याकाळ द्याल, असं मी तुम्हाला न विचारताच त्यांना सांगून ठेवलं आहे.

तुमची कृतज्ञ,
सिंधुदुर्गातली एक फार्मसी शिक्षिका