आरशात कोण दिसतं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रवासपटांची (रोड मूव्हींची) चर्चा निघाली की आपण 'गाडी कोण चालवतं' एवढंच मोजतो. स्टिअरिंग बाईच्या हाती असूनही कॅमेरा पुरुषाचाच राहू शकतो. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात ही पुरुषी नजर, म्हणजे बाईला पाहण्याची वस्तू करणारी नजर, उलगडली.

जालना-परभणीच्या कॉलेजांतल्या फिल्म क्लबांनी एक करावं. अशा एखाद्या चित्रपटाचा दहा मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दोनदा पाहावा. पहिल्यांदा टिपायचं: पुरुषाचा चेहरा, कट, मग बाईची कंबर किंवा पाय. दुसऱ्यांदा बाईचा चेहरा, कट आणि ती जे पाहते ते. दोन रकाने, प्रत्येक जोडीला एक रेघ. चूक होते ती गाडीच्या मागच्या आरशापाशी. आरशात बाईचे नुसते ओठ दिसतात, आपण 'काय फ्रेम आहे!' म्हणतो नि रेघ मारायची राहते. आरशात पुरुष ड्रायव्हर पाहतोय, म्हणजे ती रेघ पहिल्याच रकान्यात.

'थेल्मा अँड लुईस' (१९९१) या दोन मैत्रिणींच्या हॉलिवूड प्रवासपटात निघतानाच दोघी पोलरॉइड कॅमेरा हातभर लांब धरून स्वतःच स्वतःचा फोटो काढतात. पटकथा कॅली खुरी यांची. दिग्दर्शक मात्र पुरुष, रिडली स्कॉट. तेव्हा नुसती श्रेयनामावली वाचूनही भागत नाही.

आपले,
दोन चित्रपट अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर