मधुमेहींच्या हिरड्याही तपासा

आपल्या अंकातील मधुमेहविषयक लेखात डोळे, पाय व मूत्रपिंडे यांच्या तपासणीचा आग्रह धरला आहे, तो योग्यच आहे. मात्र हिरड्यांचा उल्लेख राहून गेला. अनियंत्रित साखरेमुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हा आजार उलट साखर आटोक्यात येऊ देत नाही. ब्रशवर रक्त दिसले, की आपल्याकडे खेड्यापाड्यांतील कित्येक महिला दंतवैद्याकडे जाण्याऐवजी मिश्री लावतात. त्यातील तंबाखूने हिरड्यांची हानी वाढतच जाते. दातांची सफाई करून घेतल्यास दात हलू लागतात, हा समजही खोटा आहे. दात हलतात ते साचलेल्या, दगडासारख्या कठीण किटणाखाली भोवतालचे हाड झिजल्याने, आणि ते हाड आपोआप भरून येत नाही; सुरुवातीची सूज मात्र वेळीच सफाई केल्यास पूर्ण बरी होते. जिल्ह्यातील मधुमेह तपासणी शिबिरांत दंतवैद्यही असावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर